शेवटच्या डब्यातला धक्का

भाऊजी, मंगळवारी तुम्हाला घरातून बाहेर काढलं तेव्हा आमच्या ह्यांनी डावा खांदा दिला. तुमच्या पुतण्याने "काका, हिकडनं धरा की," म्हणून हाक मारली, जागाही त्याच बाजूला होती. पण हे तिरडीला वळसा घालून पलीकडे गेले, थोडं चालले आणि बाजूला झाले. लोकांना वाटलं, वय झालंय, दमले असतील. उजवा खांदा का दिला नाही हे ठाऊक असणारी माणसं तिथे मोजकीच होती. तुमच्या पद्माताई आत बायकांत बसल्या होत्या, मी दारात उभी होते, आणि तुम्ही पुढे निघाला होता.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण मी कागलची, आणि तुमच्या जिवंतपणी भांडायची सोय तुम्ही दोघांनी मला ठेवली नव्हती. तुम्ही म्हणायचा, "वैनी, तुमी ह्यात पडू नका." हे म्हणायचे, "तू ह्यात पडू नगंस." म्हणून मी पडले नाही. आता तुम्ही गेलात, हे राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत पंखा बंद करून बसलेत, आणि कुणावर चिडावं ते मला कळत नाही. तेव्हा तुमच्यावरच चिडते. ऐकून घ्या, आता काही तुम्हाला ड्युटीवर जायचं नाही.

मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपल्या दोन घरांत एकच भिंत होती. तुम्ही मालगाडीचे ड्रायव्हर, आमचे हे गार्ड. बरोबर घरातून निघायचा, बरोबर परत यायचा, आणि मधल्या सगळ्या वेळात एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. तुम्ही सगळ्यात पुढे इंजिनात, हे सगळ्यात मागे गार्डाच्या डब्यात, आणि मधे खताची नाहीतर सिमेंटची अख्खी गाडी. जयसिंगपूरच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा आणि कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला आमचा हा मटणखाऊ, यांचं इतकं गूळपीठ कसं जमलं याचं सगळ्या क्वार्टर्सना नवल वाटायचं. पद्माताई म्हणायच्या, "अक्का, तोंड दिसत न्हाय म्हणूनच जमतंय बघा." आम्ही दोघी खूप हसायचो.

तुमचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. पाळीचा माणूस, मालगाडी कुठे उभी राहील आणि कधी सुटेल याचा नेम नाही. एखाद्या स्टेशनाबाहेर गाडी बाजूच्या रुळावर घालून ठेवली आणि ऊन कलायला लागलं की हे मागच्या डब्यातून उतरायचे आणि खडीतून चालत सगळी गाडी ओलांडून इंजिनापाशी यायचे. खालूनच ओरडायचे, "भूपाल, दिस चाललाय, जेव!" तुम्ही म्हणायचा, "घड्याळ हाय की मला." हे म्हणायचे, "तुज्या घड्याळाचा काय भरवसा." तुमचा डबा उघडलेला बघितल्याशिवाय हे परत फिरायचे नाहीत. चातुर्मासात तर मी कांदा-लसूण न घालता केलेली एखादी भाजी ह्यांच्याबरोबर मुद्दाम तुमच्यासाठी द्यायची. हे सगळं मी आज का सांगते? कारण नंतर कितीतरी दिवस तुम्ही उपाशी राहून घरी आलात, हे पद्माताईंनी मला सांगितलं होतं. घड्याळ होतंच तुमच्याकडे. खालून ओरडणारं कोणी नव्हतं.

तेव्हाच्या मालगाड्यांना व्हॅक्यूमचा ब्रेक असायचा. तुम्ही दोघे त्याला वॅकम म्हणायचा. हे कधीकधी शर्टावर चहाचा डाग घेऊन यायचे आणि दारातच ओरडायचे, "आज भूपालनं आंघोळ घातली बघ." ब्रेक पुढे लावला तर चहा मागे कसा सांडतो, हे मला काही केल्या उमजत नव्हतं. एकदा तुम्ही आमच्या ओट्याशी बसून मला ते समजावून सांगितलं. मी सुपात बटाटे निवडत होते. तुम्ही म्हणालात, "बटाटं मी खात न्हाय, पर डबं म्हनून चालत्यात," आणि सुपातले बटाटे फरशीवर ओळीने मांडले.

"ह्यो पुढचा म्हंजी मी," तुम्ही म्हणालात. "वॅकमच्या पाइपात हवा नसती. बिरेक मारायचा म्हंजी पाइपात हवा आत सोडायची. ती पुढच्या डब्यास्नी आदी पोचती, मागच्यास्नी मागनं. आता बघा." तुम्ही एका हाताने पुढचे बटाटे दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने मागचे ढकलले. मागचे सगळे पुढच्यांवर जाऊन आदळले. अगदी शेवटचा बटाटा उडून ओट्याखाली गेला.

"ह्यो शामराव," तुम्ही म्हणालात.

केवढे हसलो आपण. हे सुद्धा हसले. हे म्हणाले, "मग हळू मार की रं." तुम्ही म्हणालात, "हळूच मारतोय. लई गरज पडल्याबिगर दाबून कोन मारतंय?"

ती गरज पडली. थंडीचे दिवस होते, दुपार कलत आलेली. जयसिंगपूरच्या अलीकडे एका वळणावर गाडी वळली आणि समोर रुळावर गँगमनची, रूळ दुरुस्त करणाऱ्या माणसांची, ट्रॉली. माणसं ती उचलून बाजूला घ्यायला धडपडत होती आणि ती उचलत नव्हती. ट्रॉली सोडून पळावं हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं नाही, सरकारी सामान म्हणून कुणी हात सोडेना. तुम्ही होता नव्हता तेवढा सगळा ब्रेक लावला. गाडी ट्रॉलीला टेकायच्या आत थांबली. माणसं खडीत बसून रडायला लागली, हे तुम्हीच मला पुढे कधीतरी सांगितलंत.

मागे हे उभे होते. डब्यातल्या वॅकमच्या घड्याळाचा काटा पडलेला ह्यांना दिसला, पण काही धरायच्या आत मागचे डबे पुढच्यांवर आदळले आणि हे उचलून हातब्रेकच्या लोखंडी चाकावर फेकले गेले. उजवा खांदा निखळला, हाड मोडलं. तशातही गाडी अडकली म्हणून मागे जायला हवं होतं, नाहीतर मागून दुसरी येईल. तेव्हा हे डाव्या हातात लाल झेंडी घेऊन रुळातून चालत मागे गेले. तुम्हाला इंजिन सोडता येत नव्हतं. तसा नियमच होता, मला माहीत आहे. तुम्ही पुढे, हे मागे, आणि मधे गाडी. कुणाचं काय झालंय ते मिरजेला पोचेपर्यंत तुम्हाला कळलं नाही. यात तुमची काही चूक नव्हती, भाऊजी. मी तेव्हाही म्हणाले नाही आणि आजही म्हणत नाही.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात आलात. हातात गँगमननी दिलेला नारळ होता. रात्रभर झोप नव्हती तरी तोंड असं फुललेलं, की लग्नाला आलाय असं वाटावं. दारातनंच म्हणालात, "शामराव, मानसं वाचली की!"

हे छताकडे बघत होते. म्हणाले, "आनि मी कोन रं? मी मानूस न्हवं व्हय?"

तुम्ही तिथेच उभे राहिलात. मग नारळ स्टुलावर ठेवलात आणि गेलात. मी तुमच्या मागे व्हरांड्यापर्यंत आले होते, पण तुम्ही वळून बघितलं नाही. मला वाटलं, बाप्या माणसांचं आहे, चार दिवसांत निवळेल. चार दिवसांत तर काही झालं नाहीच, पुढची सगळी नोकरी संपली तरी निवळलं नाही.

इतका विचार केलाय मी या गोष्टीचा, की ती आता माझीच झाली आहे. ह्यांनी तुम्हाला चुकलास असं कधी म्हटलं नाही. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "दुसरा कोन असता तर ती मानसं गेली असती." फक्त तुम्हाला सांगायचे नाहीत. ह्यांना एवढंच हवं होतं की तुम्ही आधी विचारावं, लई लागलं का रं. आणि तुम्हाला हवं होतं की ह्यांनी म्हणावं, बरं केलंस. एक कप चहात दोन्ही उरकलं असतं. तुम्ही त्याला अख्खं आयुष्य लावलं, आणि वर एकमेकांच्या गाडीवरून उतरलाही नाहीत. पाळी बदलून मागायची सोय होती. दोघांपैकी एकानेही अर्ज केला नाही. मग आम्ही बायकांनी काय समजायचं?

न बोलता गाडी कशी चालवतात, असं मी ह्यांना एकदा विचारलं. हे म्हणाले, "गाडीला बोलनं लागत न्हाय." खरंच लागत नव्हतं. सुटायच्या आधी तुम्ही पुढून ब्रेक लावायचा, ह्यांनी मागे काटा पडलेला बघायचा. मग ह्यांनी मागून झडप उघडायची की तुमच्यापुढचा काटा पडायचा. पाइप शेवटपर्यंत सलग आहे, याची दोघांनाही खात्री पटायची. ह्यांनी हिरवी झेंडी हलवायची, तुम्ही शिट्टी द्यायची. पुढे वॉकीटॉकी आले तेव्हा मात्र तुमची पंचाईत झाली, कारण नियमाने तोंड उघडणं आलं. तेव्हा हे म्हणायचे, "ऑल राइट." तुम्ही म्हणायचा, "ऑल राइट." संपलं. स्टेशनातली माणसं म्हणे तुमचं ऐकायला मुद्दाम उभी राहायची आणि तोंड दाबून हसायची. ऑल राइट म्हणे! काय डोंबल ऑल राइट होतं तुमच्यात?

मग मी तुम्हाला बाजारात भेटायला लागले. म्हणजे तुम्हीच भेटायला लागलात. मी भाजी घेत असले की पिशवी घेऊन मागे येऊन उभे राहायचा. आधी भाजीच्या भावाबद्दल काहीतरी बोलायचा, वांगी महाग झाली वगैरे. मग खाली बघून विचारायचा, "वैनी, खांदा कसा हाय त्येचा?"

"बरा हाय म्हनत्यात," मी सांगायची.

"थंडीत दुखत असंल."

"न्हाय म्हनत्यात."

"मी इचारलं म्हनून सांगू नका."

पहिल्यांदा मी तुमच्यावर खेकसले होते. "त्यांनाच का इचारत न्हाईसा? तोंडाला काय कुलूप लागलंय?" तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "कसं इचारू, वैनी? मीच मोडलाय की. आपनच मोडायचा आनि आपनच कसा हाय म्हनून इचारायचं?" भाजीवाली सुट्टे पैसे देत होती, ते घेतले आणि घरी आले.

आणि बरा आहे हे खोटं होतं, भाऊजी. हे सगळ्यांना तेच सांगायचे, डॉक्टरांना, साहेबांना, मलाही. पण शर्ट खुंटीला अडकवताना डावा हात वर जायचा. केस विंचरायला मान खाली यायची, हात वर जायचा नाही. मी बघत होते. पण हे स्वतः बरा आहे म्हणत असताना मी बाजारात उभी राहून उलटं कसं सांगू?

मग ते हवेचे ब्रेक आले. आधी काही गाड्यांना, मग हळूहळू सगळ्यांना. तुम्हा दोघांना ट्रेनिंगला पाठवलं, आणि तिथे नेमके एका बाकावर बसवलं असं ऐकलं. हे घरी आले ते लहान पोरासारखे हुरळून. जेवताना सांगायला लागले, "आदी कसं, पाइपात काय नसायचं. आता पाइपात हवा दाबून भरल्याली. आनि परत्येक डब्याच्या पोटात त्याची सोताची टाकी. पुढं हवा सोडली की सगळ्या डब्यांचं बिरेक बरुबर लागत्यात. थोडं मागंपुढं हुतंय, पर आदीसारखं न्हाय. गाडी थांबती बी लवकर." मग ह्यांना नोकरीचे पहिले दिवस आठवले, घाटातले. उतारावर गाडी आवरायची नाही म्हणून आधी थांबवायची, आणि उतरून एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळत जायचं. पावसात पाय घसरला की संपलं. ह्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा पाय गेला होता. "किती मानसं खाल्ली ह्या बिरेकनं," हे म्हणाले. "आता तसं न्हाय व्हायचं. त्या दिवशी ही गाडी असती तर ती मानसं बी वाचली असती आनि..."

"आनि काय?" मी विचारलं.

"काय न्हाय. भाकरी वाढ."

मला तेव्हा रडू आलं होतं, मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिले. खरंच, त्या दिवशी ही गाडी असती तर काय झालं असतं! ती माणसं वाचली असती, ह्यांचा खांदा राहिला असता, तुम्ही नारळ घेऊन आला असता आणि तो आपल्या ओट्यावर फोडला असता. कुठल्या गाडीला कुठला ब्रेक मिळतो हे ठरवणारी माणसं कुठेतरी लांब बसलेली. आपल्या दोन घरांच्या वाट्याला तो थोडा उशिरा आला, इतकंच.

नव्या ब्रेकच्या गाडीवर तुम्ही दोघे गेलात त्या आठवड्यातली गोष्ट. हे आले, हातपाय धुतले, आणि बराच वेळ दारात बसून राहिले. मग म्हणाले, "आज भूपालनं रुकडीला गाडी उभी केली. मला कळलंच न्हाय कवा उभी ऱ्हायली." इतक्या काळात ह्यांच्या तोंडून तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी श्वास धरून बसले, आणखी काही म्हणतील म्हणून. म्हणाले, "हात त्येचा पयल्यापास्नंच चांगला. वॅकमपुढं त्यो तरी काय करनार." आणि मग लगेच माझ्याकडे वळून, "त्येला सांगू नगंस."

बघा आता. एक म्हणतो सांगू नका, दुसरा म्हणतो सांगू नकोस. नव्या गाडीत दोन डब्यांच्या मधे जो पाइप जोडतात त्याच्या दोन्ही बाजूंना तोटी असते, असं ह्यांनीच मला सांगितलं होतं. पाइप नुसता जोडून भागत नाही, तोट्या उघडाव्या लागतात. नाहीतर पाइप दिसतो जोडलेला, पण पलीकडच्या डब्यांना ब्रेक लागतच नाही. मी तसा तुमच्या दोघांतला पाइप होते आणि तोट्या तुमच्या हातात होत्या. मी तुमचं ऐकलं, ह्यांचं ऐकलं. शब्द पाळणारी बाई म्हणून मला कुणी शाबासकी दिली नाही, आणि आता तर वाटतं, न पाळला असता तर बरं झालं असतं. बायकांनी फार ऐकू नये पुरुषांचं.

आमच्या सुजाताच्या लग्नात तुम्ही आला होता. पत्रिका मी पोस्टाने पाठवली, ह्यांना न विचारता. पण लग्नाच्या दिवशी दुपारीच हे आचाऱ्याला सांगताना मी ऐकलं, "एक ताट दिस मावळायच्या आत वाढायचं. बटाटा, गाजर, कांदा-लसूण कायबी नगं त्यात. येगळ्या भांड्यात करा." आचारी म्हणाला, "कुनासाठी, सायेब?" हे म्हणाले, "हाय एक पावना." तुम्ही आलात, उजेड असताना जेवलात, लांबच्या रांगेत. हे मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून वाढप्याला खुणेने तूप वाढायला सांगत होते. तुम्ही वर बघितलंत, तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं. मुलीला आहेर देऊन तुम्ही निघून गेलात. त्या दिवशी तुम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं होतं. खरंच सांगते.

नोकरी सुटल्यावर तुम्ही जयसिंगपूरला शेतावर गेलात आणि आम्ही इकडे आलो. पद्माताई दर साली शेंगा पाठवायच्या. हे कुणाच्या शेंगा म्हणून विचारायचे नाहीत, पण त्या संपेपर्यंत बाजारच्या शेंगांना हात लावायचे नाहीत. मला तुमचे उपकार विसरता येत नाहीत, भाऊजी. ह्यांचा हात गळ्यात होता तेव्हा आमच्या घरातलं पाणी भरायला, दळण आणायला तुम्हीच यायचा, हे झोपले असताना, चपला बाहेर काढून, मांजरासारखे. ह्यांना ते ठाऊक होतं. एकदा तुम्ही गेल्यावर डोळे न उघडता म्हणाले होते, "पिठाचा डबा नीट लावलाय का बघ, त्येला घाई असती."

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा पद्माताईंचा फोन आला. मी ह्यांना स्पष्टच सांगितलं, आता पुरे, उद्या जायचं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण हे तयार झाले. फक्त डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, पट्टी होती. म्हणाले, "ही पट्टी निघू दे. असा गेलो तर त्येला वाटंल, ह्योच आजारी हाय. मला बघून त्यो आनि काळजी करंल." तुम्हाला काळजी वाटेल म्हणून थांबले! मी हट्ट धरला नाही. जयसिंगपूर काय लांब आहे, एस.टी.ने गेलं तर सकाळचं निघून दुपारच्या जेवणाला परत. पट्टी सोमवारी निघाली. मंगळवारी पहाटे फोन आला. तुम्ही थोडं थांबायला हवं होतं, भाऊजी. एवढं थांबलात, तर आणखी एक दिवस काय जड होता?

काल तुमची रक्षा होती. तुमच्या घरच्यांनी ती नदीत सोडली नाही. शेतात विहिरीच्या अंगाला खड्डा काढून त्यात घातली, वर माती लोटून आंब्याचं रोप लावलं. सगळ्यांनी ओंजळीने पाणी घातलं. लोक बांधावरून परत निघाले, पद्माताईंना धरून नेलं. हे तिथेच उभे राहिले. मी पण.

मग मी सांगितलं. आता कुणाचा शब्द पाळायचा होता? म्हटलं, "ते दर वेळी इचारायचे. खांदा कसा हाय म्हनून. बाजारात, फोनवर, सुजाताच्या लग्नात सुद्धा."

हे माझ्याकडे वळले. "कवापास्नं?"

"तुमी दवाखान्यातनं घरी आलासा तवापास्नं."

"आनि तू काय सांगायचीस?"

"बरा हाय म्हनून. तुमी सांगायचा तेच."

मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण हे, गुडघे दुखतात तरी, डावा हात मातीत टेकून खाली बसले. आंब्याच्या रोपापाशी तोंड नेऊन, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "दुखतोय रं, भूपाल. थंडीत लई दुखतोय. हात डोक्याच्या वर जात न्हाय." इतक्या वर्षांत ही गोष्ट ह्यांनी मलाही कधी सांगितली नव्हती. मग म्हणाले, "पर मानसं वाचली. बरं केलंस."

मी पुढे होऊन ह्यांना उठवलं. आम्ही बांधावरून रस्त्याला लागलो. चालताना मी वाट बघत होते, पण "त्येला सांगू नगंस" असं या वेळी हे म्हणाले नाहीत.